जंतूंची ग्रामसभा

वाव्हळ सर इनक्युबेटर उघडण्याआधी त्याच्या दारावर बोटानं टकटक करायचे. आत कुणी माणूस नसतो, काचेच्या बशांमधून जंतू वाढत ठेवलेले असतात, हे मंचरच्या आमच्या कॉलेजात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग म्हणजे ते एकटेच होते. तरी टकटक. मी एकदा विचारलं, "सर, आतून 'या' म्हणतात का?" तर चेहरा जराही न हलवता म्हणाले, "म्हणत असतील मॅडम. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

मी शेजारच्या खोलीत वनस्पतीशास्त्र शिकवते. दोन खोल्यांत मिळून एकच बेसिन, आणि आमची ओळख त्या बेसिनवरच्या भांडणातून झाली. सर हिरड्याचा काढा करायचे आणि उरलेला बेसिनमध्ये ओतायचे. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई तयार होते. आमच्या बेसिनची जाळी, नळ, खालची बादली, सगळं काळं. मी तणतणत गेले तर त्यांनी आधी माफी मागितली आणि मग हिरड्यातल्या टॅनिनचं लोखंडाशी काय होतं, ते मला सविस्तर समजावून सांगितलं. मला, वनस्पतीशास्त्राच्या बाईला! राग कुठल्या कुठे गेला, डोकं मात्र उठलं.

समजावून सांगणं हे त्यांचं व्यसन होतं. कुणाला तंबाखू लागते, कुणाला पत्ते, सरांना श्रोता लागायचा. एसटीचा कंडक्टर, केस कापणारा, कॉलेजचा शिपाई, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेला अनोळखी पाहुणा, कुणीही चालायचं. अंगानं बुटके, जाड भिंगाचा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि कायम पॉलिश केलेले बूट. वर्गात सुरुवात पुस्तकी भाषेत व्हायची, पण लहर आली की गाडी सरळ त्यांच्या गावच्या, निरगुडसरच्या बोलीवर यायची, आणि मुलं पेन खाली ठेवून ऐकायला लागायची. त्यात सगळ्यात गाजलेलं म्हणजे जंतूंची ग्रामसभा.

"एकटा जंतू काय बी करत नाय," ते सुरू करायचे. "शरीरात शिरला तरी गप बसतो. का? एकट्यानं इख ओकलं तर शरीर त्याला चिरडून टाकंल. मग तो एक बारीकसा पदार्थ बाहेर सोडतो. म्हंजे हजेरी लावतो. दुसरा बी सोडतो, तिसरा बी सोडतो. गर्दी वाढली की तो पदार्थ दाट व्हतो, अन् समद्यांना एकदम कळतं, कोरम भरला! कोरम भरला की ठराव पास. मग सगळे मिळून इख ओकणार, अंगाभवती चिकट थर बांधणार, अन् त्या थरात बसून तुमच्या अँटिबायोटिकला वाकुल्या दाखवणार."

ग्रामसभा पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. पुरेशी माणसं जमली नाहीत, कोरम भरला नाही, की सभा तहकूब होते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. सरांचं सगळं संशोधन त्या तहकुबीवर होतं. काही झाडांमध्ये असे पदार्थ असतात की ते जंतूंची हजेरी एकमेकांपर्यंत पोचूच देत नाहीत. जंतू असतात, वाढतात, पण कोरम भरल्याचं त्यांना कळत नाही. हिरडा हे त्यातलं एक झाड.

"मग मारूनच का टाकू नये?" मी विचारलं होतं.

"मारायला गेलं की थोडे उरतात मॅडम, अन् जे उरतात ते त्या औषधाला पुरून उरलेले असतात. पुढची सगळी पिलावळ त्यांची. नुसतं गप बसवलं तर कुणाच्या जिवावर बेतत नाय, म्हणून पुरून उरायची घाई बी नाय." एवढं बोलून ते असे खूश व्हायचे की जणू हा तह त्यांनी स्वतः मध्यस्थी करून घडवून आणलाय.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून त्यांच्याकडे एक जांभळा जंतू होता. हा जंतू गर्दी झाली की जांभळा रंग तयार करतो, एकेकटा असताना पांढरट राहतो. सर बशीभर त्याची लागण करायचे, मधोमध भोक पाडून त्यात हिरड्याचा अर्क घालायचे आणि बशी इनक्युबेटरमध्ये ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सगळी बशी जांभळी, आणि भोकाभोवती दोन कडी. आतलं कडं स्वच्छ, आरपार दिसणारं. तिथले जंतू मेलेले. त्याच्या बाहेरचं कडं दुधाळ. तिथले जंतू जिवंत, पण बिनरंगाचे. मुलं हमखास स्वच्छ कड्यावर बोट ठेवायची, "सर, हे झालं!" आणि सर हमखास चिडायचे. "अरे, ते मेले! मारायला फिनेल पुरतं. हे दुधाळ बघ. हे जिवंत आहेत, फक्त गप्प आहेत. यांच्यावर लक्ष ठेवायचं असतं." हा फरक ज्याला सांगता आला नाही त्याला ते तोंडी परीक्षेत सोडत नसत.

आणखी एक नियम होता. त्यांच्या प्रयोगशाळेत 'औषध' हा शब्द चालत नसे. एका मुलीनं फळ्यावर प्रकल्पाचं नाव लिहिलं, 'हिरड्यापासून जंतूंवर औषध', तर सरांनी डस्टर शोधायचीही वाट पाहिली नाही, तळहातानंच शेवटचा शब्द पुसला. "औषध बशीत होत नसतं. बशी म्हणजे बशी. माणूस म्हणजे रक्त, मांस, हाड, साखर, काळजी, सगळं आलं." हे तेच सांगायचे, दुसरं कुणी नाही. म्हणून मला अजून त्यांचा राग येतो.

हिरडा आणायला ते उन्हाळ्यात घाटघरकडे जायचे, आणि झाड ओळखायला म्हणून मला बरोबर न्यायचे. खरं तर हिरडा त्यांना डोळे मिटूनही ओळखता आला असता. जाता-येता श्रोता हवा असायचा, दुसरं काय. जुन्नर मागे पडलं की रस्ता चढत जातो, वारा अंगावर यायला लागतो, आणि वाड्यावस्त्यांच्या अंगणांतून कोवळा बाळहिरडा वाळत पडलेला दिसतो. तिथल्या आदिवासी बायका तो वेचून, वाळवून व्यापाऱ्याला घालतात. एका वाडीतल्या भागूबाईंच्या अंगणात आमचा मुक्काम ठरलेला. पहिल्याच वर्षी, तांब्यातलं पाणी संपायच्या आत, सरांनी त्यांना जंतूंची ग्रामसभा ऐकवली. भागूबाई हिरडा निवडता निवडता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, आमच्या सभंला बी कदी कोरम भरत न्हाई. अन् आमी तर हिरडा नुसता इकतो, खात बी न्हाई."

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पुढे तो विनोद त्यांनी प्रत्येक वर्गात सांगितला, दर वेळी भागूबाईंचं नाव घेऊन. दुसऱ्याचा विनोद स्वतःच्या नावावर खपवणारे प्राध्यापक मी पुष्कळ पाहिलेत, म्हणून हे लक्षात राहिलं.

त्या संशोधनाचं पुढे काही झालं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा उगीच आशेवर राहायला नको. पुण्याच्या एका परिषदेत सरांनी आपल्या बशा दाखवल्या. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "यातला नेमका कोणता रेणू हे काम करतो?" सर म्हणाले, "माहीत नाही." अध्यक्ष म्हणाले, "मग तुमच्याकडे काढा आहे, कंपाउंड नाही." सभागृहात काहीजण हसले. मी कानकोंडी झाले. परतीच्या एसटीत मी अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडत होते, तर सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बरोबर बोलले ते."

मग ते तो रेणू शोधायला बसले. लागणारी यंत्रं आमच्याकडे नव्हती. लाईट गेली की इनक्युबेटर थंड, बशा वाया. एका झाडाचा हिरडा जांभळ्या जंतूला गप्प करायचा, शेजारच्याच झाडाचा नाही. बरीच वर्षं घासल्यावर एका छोट्या बाटलीत थोडीशी तपकिरी भुकटी जमली. ती त्यांनी एका जुन्या वर्गमित्राच्या हातून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. वर्गमित्राचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. यातले पदार्थ आधीपासून ठाऊक असलेलेच आहेत; बशीत चालतात, पण शरीरात जखमेपर्यंत तेवढ्या ताकदीनं पोचवता येत नाहीत. सरांनी फोन खिशात ठेवला. "बशीत चालतं म्हणाले. आपण बी तेच म्हणत व्हतो," एवढं बोलले आणि प्रॅक्टिकल घ्यायला गेले.

सरांना वाढवलं ते सुदामदादांनी, त्यांच्या थोरल्या भावानं. वडील लवकर गेले. दादांनी शाळा सोडून ट्रकवर क्लीनरचं काम धरलं, पुढे कांदा-बटाट्याचा टेम्पो चालवला, आणि धाकट्याला एम.एस्सी. केलं. मधे एकदा ग्रामपंचायतीचे सदस्यही झाले. कोरमची सगळी माहिती सरांकडे आली ती त्यांच्याकडूनच. मंचरच्या बाजारात माल उतरवला की दादा टेम्पो थेट कॉलेजच्या फाटकाशी आणून हॉर्न वाजवायचे, आणि सर तास संपताच पायऱ्या उतरत पळायचे. "आमचा बाळू जंतूंचा मास्तर हाय," दादा वॉचमनला दर वेळी नव्यानं सांगायचे. वॉचमनही दर वेळी नव्यानं मान डोलवायचा.

एका वर्षी जयंतीला वस्तीवरच्या समाजमंदिरात दादांनी सरांचं भाषण ठेवलं. मीही गेले होते. आपल्या माणसांसमोर सर असे रंगात आले की विचारू नका. पडद्यावर जांभळ्या बशीचा फोटो दाखवला, ग्रामसभा भरवली, तहकूब केली, भागूबाईंचा विनोद सांगितला. माणसं पोट धरून हसली. एक म्हातारबाबा उठून म्हणाले, "मंग सर, जखमंवर हिरडा लावला तर जंतू गप बसत्यात म्हना की!" सर म्हणाले, "बशीत बसतात, बाबा. बशीत." पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि ते शेवटचे शब्द पहिल्या रांगेपलीकडे गेले नसावेत. पहिल्या रांगेत दादा होते, आणि सगळ्यांत जोरात तेच टाळ्या वाजवत होते.

दादांना साखर होती, आणि साखरेनं तळपायाची जाणीव गेलेली. टेम्पोच्या इंजिनाची धग उजव्या पायाला लागत राहिली, तळव्याला फोड आला, फुटला, आणि त्यांना पत्ताच नाही. वहिनींना चादरीवर डाग दिसला तेव्हा जखम रुपयाएवढी झाली होती. सर धावत गेले. पुढे मला म्हणाले, "पट्टी सोडायच्या आधीच, उंबऱ्यातच कळलं मॅडम." सुडोमोनास नावाच्या जंतूला एक गोडसर वास असतो आणि त्याचा पू हिरवट-निळा येतो. जांभळ्या जंतूवर आयुष्यभर जो सराव केला तो याच्याचसाठी. तो आता भावाच्या तळव्यात होता.

दवाखान्याच्या तपासणीत कळलं की नेहमीची बहुतेक अँटिबायोटिकं त्याच्यावर चालत नाहीत. एक इंजेक्शन चालेल, ते रोज. रोज मंचरला येऊन मेलेलं मांस काढून पट्टी. आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. सरांनी आपणहून एक शब्द हिरड्याचा काढला नाही. पण गाव गप्प बसतंय थोडंच! "घरात येवढा जंतूंचा मास्तर, अन् पाय दुसऱ्याला दाखवता व्हय?" जो येई तो हेच म्हणे. वहिनींनी तर एकदा हातच जोडले.

"भावजी, तुमच्याकडं जे काय हाय ते द्या की."

"वहिनी, माझ्याकडं काय नाय."

"आमी आयकलंय की त्या दिशी. समद्या गावानं आयकलंय."

"ते बशीतलं वहिनी. माणसाचं नाय."

वहिनींचा यावर विश्वास बसला नाही आणि दादांचाही. त्यांनी आपसात वेगळाच अर्थ लावला. बाळू सरकारी पगारातला माणूस, त्याला उघड सांगता येत नाही, कायद्यात बसत नाही. आपण समजून घ्यायचं. धाकट्या भावावर संकट येऊ नये म्हणून दादांनी गुपचूप ठरवून टाकलं. जुन्नरच्या बाजारातून हिरडा आणवला, काढ्यानं जखम धुवायला आणि वर लेप लावायला सुरुवात केली, आणि मंचरला जाणं हळूच बंद केलं. सरांना मात्र फोनवर "आलो जाऊन" सांगत राहिले. भावाच्या शोधाचा पहिला मान आपल्या पायाला, असं त्यांना वाटत असणार. या भोळेपणावर चिडावं की रडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी सर घरी गेले तर दारात वास नव्हता. दादांनी पट्टी सोडून दाखवली. जखम काळपट, कोरडी, हिरव्याचा मागमूस नाही. दादा म्हणाले, "बघ बाळू. सभा तहकूब!" आणि मग सगळं सांगून टाकलं.

सोमवारी सर बेसिनपाशी आले. इतका उजळलेला त्यांचा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतर तर नाहीच. "वास नाही मॅडम. पू नाही. काहीच नाही. सुकलीय जखम." मी विचारलं, डॉक्टरांनी पाहिली का? "नेतो," म्हणाले. "थोडे दिवस बघू. इंजेक्शन तर बंदच आहे, नुसत्या हिरड्यानं काय होतं ते तरी कळेल." मी म्हटलं, "सर, तुम्ही काय बोलताय?" ते एकदम ओशाळले. "नेतो नेतो," म्हणून खोलीत गेले. पण नेलं नाही. त्या आठवड्यात मी रोज विचारत होते आणि रोज उद्यावर चाललं होतं.

त्यांच्या बाजूनं काही लिहावं असं फार मनात येतं. आयुष्यभर ज्या कामाला कुणी विचारलं नाही, त्या कामाला सख्ख्या भावानं "झालं" म्हटलं होतं. कुणाचाही पाय घसरला असता. पण ते कुणीही नव्हते. हिरडा तुरट असतो, वरचं कातडं आवळून सुकवतो, हे मला माहीत होतं तर त्यांना नसेल? जंतू जिवंत असतात, फक्त गप्प असतात, लक्ष ठेवायचं असतं, हे ज्या मुलांना सांगता आलं नाही त्यांना ते सोडत नव्हते. स्वतःच्या वेळी त्यांनी सुकलेल्या जखमेकडे बोट दाखवलं आणि "हे झालं" म्हणाले.

दादांना हुडहुडी भरून ताप आला तेव्हा पाऊल वरून सुकं होतं आणि आतून पोकळ. पू हाडापर्यंत गेला होता. पुण्याला नेलं. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

मी भेटायला गेले. दादा उशीला टेकून बसले होते, सर खिडकीशी पाठमोरे उभे. दादा मला म्हणाले, "मॅडम, तुमी तरी सांगा त्याला जेवाया. मपला पाय गेलाय, अन् उपास ह्यो धरतोय." मग त्यांना धाकट्याला हसवावंसं वाटलं असेल. खिडकीकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "बाळू, येक इसरलास बघ तू. तहकूब सभंला कोरम लागत नाय!"

ग्रामपंचायतीचा हा नियम आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. कोरमअभावी सभा तहकूब झाली की तीच सभा पुन्हा घेताना कोरमची अट नसते. जे हजर असतील ते ठराव करून मोकळे होतात. दादा स्वतःच्या विनोदावर हसले, मीही हसल्यासारखं केलं. थोड्या वेळानं सर वॉर्डातून बाहेर गेले आणि मी निघेपर्यंत परत आले नव्हते.

पुढच्या जयंतीच्या आत दादा गेले. आधी दुसऱ्या पायाला जखम झाली, मग मूत्रपिंडं थकली. मातीला मी गेले होते. मला बघून सरांनी नुसती मान हलवली.

त्यानंतर सरांनी समजावून सांगणं सोडलं. वर्गात पुस्तक उघडून वाचून दाखवायचे, तास झाला की पुस्तक मिटायचे. नव्या मुलांनी वरच्या वर्गातल्यांकडून ऐकलेलं असायचं, ती म्हणायची, "सर, ती ग्रामसभा सांगा ना." सर म्हणायचे, "पुस्तकात आहे ते." हिरडा आणणं बंद झालं. आमचं बेसिन पांढरं स्वच्छ राहायला लागलं आणि मला ते बघवेना.

वहिनींनी त्यांना कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला वेगळंच सांगायच्या, "हिरड्यानं पाय सुकत आला व्हता बगा. डागदरानं कापला." सर तिथल्या तिथे सांगायचे, "वहिनी, तसं नाय. हिरड्यानंच झाकून ठेवलं. चूक माझी हाय." आणि वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "तुमी मनाला लावून घिऊ नगा भावजी." ऐकणारे उठून घरी जायचे ते वहिनींचं वाक्य घेऊन. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही म्हणतात. हा तर सरांच्या तोंडून गेला होता आणि आता गावोगाव फिरत होता, त्यांचंच नाव लावून.

सर निवृत्त झाले. निरोपसमारंभाला आले नाहीत. कुणी म्हणायचं ते रोज मंचरला येतात, बाजाराच्या बाहेर टेम्पोवाल्यांमध्ये बसतात, डोक्यावर परिणाम झालाय. मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात मी वर्षाचा कांदा घ्यायला बाजारात गेले. माल उतरवून चहाला थांबलेल्या टेम्पोंची हायवेच्या कडेला रांग लागली होती. त्यातल्या एका उघड्या दाराशी सर उकिडवे बसले होते. वर ड्रायव्हरच्या सीटवर तिशीतला एक गडी, हातात चहाचा ग्लास, उजवा पाय सरांच्या मांडीवर. सर त्याचा मोजा काढत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"हे कधी झालं?" सरांनी त्याच्या तळव्यावर बोट दाबलं. फोड फुटून लाल झाला होता.

"काय म्हायती बाबा. इंजन तापतं म्हनून मोजं घालतो मी."

"दुखतंय?"

"न्हाई. कायबी न्हाई."

"साखर तपासलीस कधी?"

"न्हाई."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. गाडी इथंच ठेव. मी येतो तुझ्याबरूबर."

"जाईन की सवडीनं. तवर हिरडा लावतो. लई गुन हाय बाबा त्यात." ड्रायव्हरनं चहाचा घोट घेतला. "निरगुडसरकडच्या येका मास्तरनं शोध लावलाय. जंतू हाय तिथंच गप बसत्यात. त्याच्या सोताच्या भावाचा पाय सुकला व्हता निस्त्या हिरड्यानं. डागदरानं उगीच कापला."

सरांनी मान वर केली. "तो मास्तर मीच. ते खरं नाय. माझा भाऊ मेला त्यानं."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. धुळीत बसलेला, दाढी वाढलेला म्हातारा. तो हसला, पण वाईट हसला नाही. "ऱ्हाऊ द्या बाबा. तो लई मोठा मानूस हाय, पुन्यामुंबैला असतो. तुमी सावलीला बसा जरा. च्या घेता?"

सरांनी त्याचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. "तुझ्या पाया पडतो मी. जा दवाखान्यात."

चारचौघांत म्हातारा माणूस पाया पडतोय म्हटल्यावर ड्रायव्हर कावराबावरा झाला. "आरं, काय करताय बाबा! सोडा. पाप लागंल मला." त्यानं पाय सोडवून वर ओढला, ग्लास टपरीवाल्याच्या हातात दिला, दार लावलं आणि टेम्पो चालू केला.

"सर," मी हाक मारली. त्यांना ती ऐकू आली नाही. ड्रायव्हरचा मोजा त्यांच्या हातातच राहिला होता. तो उंच धरून ते टेम्पोच्या मागे चालायला लागले, मग पळायला लागले, हायवेच्या त्या रहदारीतून. मागचे ट्रक हॉर्न देत होते आणि ते ओरडत होते, "अरे पाय! पाय दाखव डॉक्टरांना! अरे दादा!"